खटकचिंचोळीच्या कर्नलबाई

माझ्या सासूबाईंइतकी शिस्तीची बाई बीदर जिल्ह्यात आजवर झाली नाही, आणि पुढं व्हावी अशी निदान आमच्या भालकी तालुक्यात तरी कुणाची इच्छा नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांच्या घरात तक्रार करायची तर ती कारणासकट करावी लागते, आणि कारण सांगताना माणूस दोनदा अडखळला की तक्रार रद्द होते. हायस्कूलात जन्मभर गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, म्हणजे शाळेनं त्यांना निवृत्त केलं; गणितानं अजून केलेलं नाही. लग्नपत्रिका आली की आधी तारीख आणि वार जुळतात का ते बघतात, आणि जुळत नसले तर लाल पेनानं दुरुस्त करून पत्रिका आणणाऱ्याच्याच हातात परत देतात. खटकचिंचोळीत त्यांच्या हाताखालून न गेलेलं माणूस सापडणं अवघड. त्यामुळं पंचायतीचा सदस्य असो की गिरणीवाला, त्या समोरून येताना दिसल्या की त्याचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडं आपोआप जातो.

मी भालकीत जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. मुलगी बघायला म्हणून त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पगार, शेती, घर यांची उत्तरं मी पाठ करून गेलो होतो. सासूबाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. पोह्यांची बशी माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "दुभत्या म्हशीला दिवसाला पाणी किती लागतंय?" मी म्हणालो, साठ-सत्तर लिटर. "साठ का सत्तर?" मी घाबरून म्हणालो, उन्हाळ्यात सत्तर. "मग तसं सांगा की. मधी रेघ कामून मारायलाव?" त्यांनी आत बघून मान हलवली आणि माझं लग्न ठरलं. पुढं बायकोनं सांगितलं की आधीच्या दोन स्थळांना 'अंदाजे' हा शब्द नडला होता.

त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर एकसारखे सतरा डबे आहेत. कशावरही 'साखर' किंवा 'रवा' असं लिहिलेलं नाही. नुसते नंबर आहेत. आणि पहिल्या डब्याचा नंबर एक नसून शून्य आहे. नऊ नंबरच्या डब्यानंतर दहा येत नाही. ए येतो, मग बी, सी, असं एफपर्यंत. जावई म्हणून पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा मी भाबडेपणानं विचारलं, "मामी, एफच्या पुढं काय?"

"दहा."

"दहा तर मागंच झाले ना?"

"मागं ए झालं," त्या म्हणाल्या. "संगणक आपल्या पोटातले पत्ते असेच लिहितंय. बोटं दहा हायत म्हणून आकडे दहाच असावेत, हा माणसाचा हट्ट."

या पद्धतीमुळं शेजारच्या एका बाईंनी साखरेऐवजी मीठ नेऊन पाहुण्यांना चहा पाजला, आणि माझ्या बायकोनं आमच्या घरी एकाही डब्यावर काहीही लिहायचं नाही अशी शपथ घेतली. आमच्याकडं आजही जिरं काढायचं तर पाच झाकणं उघडावी लागतात. बायको म्हणते, हे माझं स्वातंत्र्य आहे.

पण लोक त्यांना जे कर्नलबाई म्हणतात, ते या शिस्तीमुळं नव्हे. ते त्यांच्या संगणकामुळं. प्रत्येक संगणकाच्या पोटात एक मुख्य कारभारी प्रोग्राम असतो. कुणाला किती मेमरी द्यायची, कुणाला कुठल्या पत्त्यावर बसवायचं, कुणाला उठवायचं, सगळं तो ठरवतो. त्याला म्हणतात कर्नेल. सासूबाई निवृत्त झाल्या त्या साली शाळेनं जुने संगणक मोडीत काढले. त्यातला एक त्यांनी घरी आणला, आणि बाकीच्या बायका ज्या उत्साहानं पापडाचं पीठ कुटतात त्या उत्साहानं त्याचा कर्नेल स्वतः बांधायला घेतला. इंग्रजी माहितीची पानंच्या पानं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. एकदा अडलं तेव्हा इंटरनेटवरच्या परदेशी जाणकारांना रजेच्या अर्जाच्या थाटात पत्र लिहिलं. त्यावर कुणीतरी एकाच ओळीत कळवलं की माहितीपुस्तिका नीट वाचा. मला वाटलं त्या चिडतील. त्या खूश झाल्या. "बरोबर बोललाय. मीबी जन्मभर पोरांना हेच सांगितलं."

गावानं त्या 'कर्नेल'चं 'कर्नल' केलं. आता बाई दिवसभर घरात कर्नलचं काम करतात म्हटल्यावर गावातले एक निवृत्त हवालदार एके दिवशी इस्त्रीचे कपडे घालून दारात आले, टाच जुळवून त्यांनी कडक सलाम ठोकला आणि अदबीनं विचारलं, "म्याडम, कोणतं?" त्यांना पलटण विचारायची होती. सासूबाईंना वाटलं, कर्नेलची आवृत्ती विचारायलेत. त्या म्हणाल्या, "सहा पॉइंट एक." हवालदार विचारात पडले. एवढी गुप्त पलटण त्यांनी ऐकली नव्हती. तेव्हापासून ते रस्त्यात दिसले की सलाम करतात, आणि सासूबाई त्यांना अभ्यासू माणूस समजतात.

हा सगळा खटाटोप त्यांनी कुणासाठी केला, ते आता सांगायला हवं. माझे सासरे, म्हणजे मामा, पोस्टात होते. कोहिनूर, मुडबी अशी गावं करत करत शेवटी पोस्टमास्तर होऊन निवृत्त झाले. बोलायला मवाळ, आणि वाचनाचा नाद असा की चिवड्याची पुडी सोडली तर आधी कागद वाचत, मग चिवडा खात. मराठी आणि कन्नड, दोन्ही सारखंच. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. एक आधी, दुसरा वर्षभरानं. मामांनी आरडाओरडा केला नाही, कुणाला दोष दिला नाही. फक्त रोजचा पेपर आला की तो हातात घेत, वास घेत, आणि घडी घालून ठेवून देत. एवढंच. ते सासूबाईंना बघवलं नाही.

फोनमधून वाचून दाखवणारा आवाज आम्ही आणून दिला होता. मामांनी चार दिवस ऐकला आणि फोन परत केला. "बाई गोड हाय," ते म्हणाले, "पर उपकार केल्यागत वाचती. अन् कन्नड नाव आलं की नाक मुरडती." सासूबाईंना मग कुठून तरी एक जुनी सीडी मिळाली. आमच्याच भागातल्या इंजिनिअरिंगच्या काही पोरांनी कॉलेजात असताना संगणकातला मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्राम केला होता. मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारा. आवाज त्यांच्यातल्याच एकाचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या पोराला सर्दी झालेली असणार, कारण प्रोग्राम कायमचा नाकात बोलतो. सुरू केला की म्हणतो, "नबस्कार. वाचायला बसलोय." पण खटकचिंचोळी म्हणताना जीभ अडखळत नाही, आणि मराठी बातमीत कन्नड गावाचं नाव आलं तर उंबरा ओलांडावा तितक्या सहज ओलांडतो. मामांनी पहिल्यांदा ऐकलं आणि हसत म्हणाले, "हे आपलं पोरगं हाय. ह्याला काढा पाजा कुणीतरी."

पोरगं आपलं होतं, पण भरवशाचं नव्हतं. वाचता वाचता मध्येच बंद पडायचं. तेही अशा जागी की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. "त्यानं विहिरीत वाकून बघितलं, तर आत" एवढं बोलून एकदा जे गप्प झालं, ते मामा संध्याकाळपर्यंत विचारत होते, आत काय होतं? शेजाऱ्यांनी संगणकाला लिंबू-मिरची बांधा म्हणून सांगितलं. भालकीच्या दुकानदारानं नवा संगणक घ्या म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "गणित अवघड हाय म्हणून पाटी बदलायची का?"

कारण त्यांनी शोधलं. कर्नेल आपली प्रत्येक करणी लिहून ठेवतो, आणि त्या नोंदीत सरळ लिहिलं होतं की मेमरी संपल्यामुळं अमुक प्रोग्राम मारला. "मारलं, अन् वर लिहूनबी ठेवलं!" त्या संतापानं मला दाखवत होत्या. मला फक्त इंग्रजी अक्षरं दिसत होती, पण सासूबाई संतापल्या की मीही संतापतो. मग त्यांनी समजावलं. कर्नेल प्रत्येक प्रोग्रामला सांगतो, घे तुला हवी तेवढी मेमरी. प्रत्यक्षात तेवढी नसतेच. सगळा कागदोपत्री कारभार. सगळे एकदम मागत नाहीत तोवर चालून जातं. एकदम मागितली की कर्नेल गडबडतो आणि जो जास्त जागा अडवून बसलाय त्याला मारून मोकळा होतो. आणि जास्त जागा कोण अडवणार? दोन भाषा पोटात घेऊन बसलेलं आमचं सर्दीवालं पोरगं.

"न्हाई तर न्हाई म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. "न्हाई ते कबूल करायचं कामून?"

कर्नेलमध्ये या कबुलीला मर्यादा घालता येते. त्यांनी घातली. पण पहिल्या दिवशी ती मर्यादा त्यांनी स्वतःच्या स्वभावाप्रमाणं घातली, म्हणजे इतकी कडक, की संगणक सुरू झाला आणि त्यानं काहीही उघडायला नम्रपणे नकार दिला. पडदा नुसता काळा. दोन दिवस तो तसाच, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा, गप्प होता. मामा म्हणाले, "मास्तरीण, पास व्हायला पस्तीस पुरेत. तुम्ही शंभरात शंभर मागायलाव." सासूबाईंनी आकडा थोडा सैल केला, डिस्कवरची थोडी जागा मेमरीच्या मदतीला दिली, आणि मारायची वेळ आलीच तर या वाचणाऱ्याला सोडून दुसऱ्याला उचल, असं कर्नेलला बजावून ठेवलं. पोरगं मध्येच मरायचं थांबलं. विहिरीत काय होतं तेही कळलं. बादली होती.

पण आता नवंच दुखणं निघालं. कधी कधी प्रोग्राम सुरूच होईना. बटण दाबलं की कधी "नबस्कार" म्हणायचा, कधी काहीच नाही. पुन्हा दाबलं की बहुतेक वेळा चालायचा, म्हणून आम्ही ते मनावर घेतलं नाही.

मग एक दिवस सासूबाई नात्यातल्या लग्नाला बसवकल्याणला गेल्या. जाताना मामांचं बोट बटणावर ठेवून दाखवून गेल्या. मीही त्या लग्नात होतो, आणि त्यांना सोडायला संध्याकाळी सोबत गेलो. मामा संगणकासमोर खुर्चीत बसले होते. बोट बटणापाशीच होतं. सकाळी एकदा दाबलं, आवाज आला नाही. पुन्हा दाबलं, आला नाही. मग मशीन चालू आहे की बंद हेच त्यांना कळेना, आणि आपल्या हातून काही बिघडेल म्हणून त्यांनी परत हात लावला नाही. शेजारी हाक मारायची तर तेही त्यांना जमेना. "बसलो हुतो," ते म्हणाले. "लगीन चांगलं झालं का?"

पायातली चप्पलही न काढता सासूबाई आत आल्या होत्या, हे मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवसापासून दोनशे पानी वही निघाली.

त्याच वर्षी अधिक महिना होता. जावयाला धोंड्याचं जेवण. मी नवे कपडे घालून, पुरणाचे धोंडे खाऊन, आता कुठं भिंतीला टेकणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, जरा बसता का हितं?" बसायचं म्हणजे संगणकासमोर. प्रोग्राम सुरू करायचा, बोलला तर 'होय', नाही बोलला तर 'नाही' म्हणायचं, बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा. शंभर वेळा. सासूबाई ते वहीत लिहिणार, आणि त्या वेळी कर्नेलनं कुणाला कुठला पत्ता दिला तेही शेजारी उतरवणार. मी सुरू केलं. "नबस्कार. वाचायला बसलोय." पलंगावरून मामा म्हणाले, "नमस्कार." मी म्हणालो, होय. बंद. सुरू. "नबस्कार. वाचायला बसलोय." "नमस्कार." होय. मामा दर वेळी उत्तर देत होते. चाळिसाव्या वेळी मी म्हणालो, मामा, तुम्ही नाही बोललात तरी चालेल. ते म्हणाले, "समोरचं माणूस नमस्कार करायलंय, अन् आपण गप बसायचं? बरं न्हाई ते." जेव्हा आवाज येत नसे तेव्हा आम्ही तिघंही क्षणभर वाट बघत असू, कुणीतरी घरातून निघून गेल्यासारखं वाटे, आणि मग मी हळूच 'नाही' म्हणे. शंभरात अकरा वेळा नाही झालं. धोंडे खाऊन असं काम केलेला जावई तीन राज्यांत शोधून सापडणार नाही.

अकरा 'नाही' मिळाले, पण कारण सापडेना. सासूबाई आठवडाभर वहीकडं बघत राहिल्या. त्यांनी मामांना रोज सांगायला सुरुवात केली, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं: कर्नेल चोराच्या भीतीनं प्रत्येक प्रोग्रामचं सामान दर वेळी वेगळ्या पत्त्यावर मांडतो, म्हणजे चोराला काय कुठं आहे ते कळू नये. पत्ते बदलतात हे ठीक, पण त्यानं पोरगं का मुकं व्हावं?

मामा म्हणाले, "कोहिनूरला असताना एक म्हातारी हुती. घर बदललं तिनं, पर ल्योक जुन्याच पत्त्यावर पत्र टाकायचा. ते घर रिकामं हुतं तवर मी पत्र उचलून म्हातारीला न्हेऊन द्यायचो. एकदा तिथं दुसरं बिऱ्हाड आलं. त्यांनी पत्र फोडलं अन् भांडण झालं. मास्तरीण, तुमचं हे पोरगं जुनाच पत्ता पाठ करून बसलंय का काय बघा."

सासूबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी तशीच सोडून पिठाच्या हातानं त्यांनी वही उघडली. अकराही वेळा, कॉलेजातल्या त्या पोरांनी प्रोग्राममध्ये कायमचा लिहून ठेवलेल्या एका पत्त्यावर कर्नेलनं दुसऱ्या कुणाचं तरी सामान मांडलेलं होतं. भाकरी जळाली. त्या घरात भाकरी जळल्याची दुसरी नोंद नाही.

उपाय सोपा होता. पत्ते बदलायची सवय अख्ख्या कर्नेलची बंद करता येते. बायको म्हणाली, करून टाक ना अव्वा. सासूबाई म्हणाल्या, "एकट्यापायी गावाची दारं उघडी टाकायची न्हाईत." त्यांनी फक्त त्या एका प्रोग्रामपुरती सवय बंद केली. त्याचा पत्ता कायम त्याचाच. मी पुन्हा शंभर वेळा बटण दाबलं, या वेळी धोंड्याशिवाय. शंभर नमस्कार, शंभर उत्तरं. सासूबाईंनी वहीच्या शेवटी दोन रेघा ओढल्या. मामांच्या पत्त्याच्या गोष्टीचा त्यांनी वहीत उल्लेख केला नाही. पण त्या दिवशी मामांच्या ताटात दोन धोंडे वाढले, आणि तेव्हा तर अधिक महिनाही संपला होता.

तेव्हापासून मशीन एकदाही बिघडलं नाही. सकाळी सुरू होतं, इंटरनेटवरचा पेपर वाचतं, गोष्टी वाचतं, दुपारी थांबतं. मध्यंतरी मी असाच गेलो होतो. सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या. मामांनी आवाज बंद करायला लावला आणि मला जवळ बोलावलं.

"जावईबापू, एक विचारू का? त्या मशिनीत थोडा बिघाड करता येतोय का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तसं पोरगं चांगलं वाचतंय," ते म्हणाले. "तक्रार न्हाई. पर पयलं ते बंद पडायचं, तवा मास्तरीण यायची. हात पुसत यायची. चिडत चिडत का हुईना, राहिलेलं वाचून दावायची. मधीच थांबून छापणाऱ्याच्या चुका काढायची, बातमीतल्या मंत्र्याला शिव्या घालायची. दोन-दोन तास निघायचे. आता मशीन नीट झालं, अन् ती तिच्या कामाला लागली." मग म्हणाले, "तिला सांगू नका. लई कष्टानं केलंय तिनं."

मी सासूबाईंना काही सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. बायकोच्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. दार उघडंच होतं. मामा पलंगावर टेकून बसले होते, आणि सासूबाई शेजारी खुर्ची ओढून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, ओळीवर बोट ठेवून पेपर वाचत होत्या. तुरीच्या पिकावरची कसलीशी बातमी होती. एका वाक्यापाशी थांबल्या, "हे क्रियापद कुठं गेलं ह्याचं?" म्हणाल्या, आणि स्वतःचं एक घालून पुढं गेल्या. मामांनी कन्नड नावाचा एक उच्चार सुधारून दिला. त्यांनी तो चक्क ऐकून घेतला. कोपऱ्यात संगणकाचा हिरवा दिवा जळत होता.

मी विचारलं, "मामी, मशीन?"

"बिघडलंय," त्या म्हणाल्या.

मी कारणाची वाट बघू लागलो. इतक्या वर्षांत त्यांनी कारण न सांगता काही बिघडलंय असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. कारण आलं नाही. त्यांनी पान उलटलं. आम्ही दोघं बाहेर ओट्यावर येऊन बसलो, आणि आतून बराच वेळ त्यांचा वर्गातला खणखणीत आवाज येत राहिला, थोडा थकलेला, मधूनमधून भांडणारा.